पार्सल वेळेत पोहोचते. हक्क कधी पोहोचणार?

ऑक्टोबर १९२९ मधली गोष्ट. अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या मुंबई सरकारच्या समितीचे सभासद म्हणून बाबासाहेब खानदेशात गेले होते. परतताना चाळीसगावच्या समाजबांधवांनी त्यांना आग्रहाने उतरवून घेतले. स्टेशनवर टांगे उभे होते, पण अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार होईना. बॅरिस्टर असला म्हणून काय झाले, जात तीच ना! बाबासाहेबांना महारवाड्यापर्यंत पायी नेणे आपल्या लोकांना अपमानास्पद वाटले. शेवटी तोड निघाली. टांगा भाड्याने घ्यायचा, मात्र हाकायचा आपल्यापैकीच कोणीतरी. ज्याने आयुष्यात कधी टांगा हाकला नव्हता असा एक बांधव प्रेमापोटी लगाम धरून बसला. नदीवरच्या पुलाशी चाक अडकले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, पाय मोडला. घोडा आणि टांगा नदीत कोसळले. बाबासाहेबांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे.

हा प्रसंग आपण भाषणांतून शेकडो वेळा ऐकला आहे. दरवेळी आपण टांगेवाल्यांच्या जातीयवादावर बोलतो आणि ते बरोबरच आहे. पण त्या टांग्यावर बसलेल्या नवख्या चालकाचा विचार किती जणांनी केला? त्याची निष्ठा शंभर टक्के होती. त्याला शिकवलेले मात्र कोणी नव्हते. गाडीवर बसवले आणि सोडून दिले. जे झाले ते त्याच्या वाईट हेतूने झाले नाही, त्याला तिथे बसवणाऱ्या परिस्थितीने झाले.

आज नवी मुंबईत दररोज सकाळी असे कितीतरी नवखे चालक गाडीवर बसवले जात आहेत. पाठीवर पार्सलची भलीमोठी बॅग, हँडलला मोबाईल आणि डोक्यात एकच धाक, संध्याकाळपर्यंत बॅग रिकामी झाली पाहिजे. दिघा, रबाळे, तुर्भे स्टोअर, घणसोलीच्या चाळी, कळंबोली-कामोठ्याच्या भाड्याच्या खोल्या इथली ही मुले आहेत. त्यात आपली मुले मोठ्या संख्येने आहेत, हे सांगायला सर्वेक्षणाची गरज नाही. कोणत्याही विहारात रविवारी वंदनेला उभे राहिले की बाहेर लावलेल्या गाड्यांवरून कळते.

काही दिवसांपूर्वी तुर्भे स्टोअरचा असाच एक तरुण माझ्या कार्यालयात आला. बी.ए. झालेला. दुसऱ्या दिवसापासून पार्सल वाटण्याचे काम सुरू करायचे होते. मोबाईलवर आलेला करार त्याने माझ्यापुढे धरला. "साहेब, सही तर केली, आता वाचून दाखवा," म्हणाला. करार पंधरा-वीस पानांचा, सगळा इंग्रजीत. सही म्हणजे तरी काय, पडद्यावरच्या एका चौकोनात बोट टेकवणे! मी वाचत गेलो. त्यात कामगार हा शब्द कुठेही नव्हता. पगार नव्हता, सुट्टी नव्हती, कामाचे तास नव्हते. होता तो फक्त 'पार्टनर'. हा बावीस वर्षांचा मुलगा, ज्याची गाडी कर्जाची आणि मोबाईल हप्त्यावरचा, तो एका कोट्यवधींच्या कंपनीचा भागीदार झाला होता!

१९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे भागीदार म्हणजे नफ्याचा वाटेकरी. या 'पार्टनर'ला नफ्यातला वाटा नाही. तोट्यातला मात्र पुरेपूर आहे. पार्सल हरवले तर भरपाई त्याची, रोख रक्कम कमी पडली तर वजावट त्याची, पेट्रोल त्याचे, पंक्चर त्याचे, अपघात त्याचा. त्यातही त्याचा करार थेट कंपनीशी नव्हता. मध्ये एक ठेकेदार होता, ज्याला आता 'व्हेंडर' असे गोंडस नाव मिळाले आहे.

पहिल्या दिवसाचा हिशोब

हे काम बाहेरून सोपे दिसते. पत्ता बघायचा, वस्तू द्यायची. ज्यांना असे वाटते त्यांनी नवी मुंबईत एक दिवस फिरून पाहावे. सिडकोने हे शहर सेक्टरमध्ये विभागले, पण सेक्टर १५ वाशीत आहे, नेरुळात आहे, ऐरोलीत आहे, कोपरखैरण्यात आहे आणि बेलापुरातही आहे. गिऱ्हाइकाने उपनगराचे नाव घालायचे विसरले की नवखा चालक ठाणे-बेलापूर रस्त्यावर वर-खाली करत बसतो. गावठाणात घर क्रमांकाचा पत्ता नाही. झोपडपट्टीत 'मंदिराच्या मागे, किराणा दुकानाशेजारी' एवढाच पत्ता. खारघरच्या टॉवरमध्ये नोंदवहीत नाव लिहा, सुरक्षा रक्षकाला फोन लावू द्या, मग लिफ्टची वाट बघा. दार उघडले नाही तर तो 'अटेम्प्ट' वाया. वाया गेलेल्या फेरीचे पैसे बहुतेक ठिकाणी मिळत नाहीत, पेट्रोल मात्र जळलेले असते.

त्या मुलाला मी कागद-पेन दिले आणि म्हणालो, आधी हिशोब मांड. समजा दिवसाला ७० पार्सल आणि प्रत्येकी १५ रुपये. झाले १०५० रुपये. ऐकायला बरे वाटते. महिन्याला तीस हजार, असेच तर जाहिरातीत लिहिलेले असते! आता वजा कर. पेट्रोल २१० रुपये, गाडीचा हप्ता रोजचा १२० रुपये, ऑईल-टायर-ब्रेक यांची झीज ६० रुपये, मोबाईल आणि विमा मिळून २० रुपये. गेले ४१० रुपये. उरले ६४०. हब सकाळी सातला गाठायचे, पार्सल स्कॅन करून रस्त्याच्या क्रमाने लावायचे, संध्याकाळी परत येऊन रोख जमा करायची. अकरा तास धरले तर तासाला ५८ रुपये पडले. आजारी पडला तर शून्य. रविवारी घरी राहिला तर शून्य. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकाने आपले आकडे घालून पाहावेत. पण हिशोब करावा, तोही काम सुरू करण्याआधी. जाहिरातीतला आकडा हा मिळकतीचा असतो, कमाईचा नसतो.

हिशोब पाहून तो गप्प झाला. मग म्हणाला, "साहेब, मग करू की नको?" मी म्हणालो, कर. चोरी नाही, लाचारी नाही, घामाचा पैसा आहे. पण डोळे उघडे ठेवून कर आणि एकटा राहू नकोस.

नवा वतनदार?

आंबेडकरी चळवळीच्या वाचकाला या कामात काहीतरी ओळखीचे वाटले पाहिजे. गावगाड्यात निरोप कोण पोहोचवत होते? सरकारी टपाल आणि वसुलीची थैली घेऊन तालुक्याला कोण जात होते? मर्तिकाची बातमी रात्री-अपरात्री दहा गावांना कोण सांगत होते? आपलाच आजा-पणजा! त्याला नाव होते वतनदार. केवढा भारदस्त शब्द! प्रत्यक्षात त्या वतनाला कामाचे तास नव्हते. दिवसा-रात्री केव्हाही हाक आली की निघायचे. ठरलेला पगार नव्हता, इनामाचा तुकडा आणि बलुत्याची भाकर. आणि मालक नेमका कोण, सरकार की रयत, याचेही धड उत्तर नव्हते. १८७४ च्या वतन कायद्याने या गुलामीवर सरकारी शिक्का मारला होता. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात त्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडून बाबासाहेबांनी नेमक्या याच गोष्टींवर बोट ठेवले. कामाला सीमा नाही, मोबदल्याची हमी नाही आणि जबाबदार मालक नाही. ते विधेयक त्या वेळी तडीला गेले नाही. कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ उजाडले.

आता त्या तरुणाचा करार पुन्हा वाचा. कामाला सीमा नाही. मोबदल्याची हमी नाही, दर कंपनी केव्हाही बदलणार. जबाबदार मालक नाही, कंपनी ठेकेदाराकडे बोट दाखवणार, ठेकेदार मोबाईलमधल्या ॲपकडे. 'वतनदार' आणि 'पार्टनर' हे दोन्ही शब्द ऐकायला मोठे आणि आतून पोकळ आहेत. फरक आहे तो मान्य केला पाहिजे. वतन जन्माने गळ्यात पडत होते, हे काम मुलगा स्वतः निवडतो आणि सोडूही शकतो. हे स्वातंत्र्य लहान नाही, ते संविधानाने दिले आहे. परंतु घरी म्हातारे आई-वडील, गाडीचा हप्ता आणि दुसरी नोकरी नाही, अशा अवस्थेत 'सोडू शकतो' या शब्दांना कितीसा अर्थ उरतो? १९८२ मध्ये एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले. भुकेपोटी माणूस किमान वेतनापेक्षा कमी पैशांत राबत असेल तर ते संविधानाच्या कलम २३ मधील वेठबिगारीच होय. कलम २३ कोणासाठी लिहिले गेले हे आपल्याला कोणी शिकवण्याची गरज नाही.

आमची मुले इकडे का वळली, याचेही उत्तर दिले पाहिजे. सरकारी भरती आटली. जिथे निघते तिथे कंत्राटी निघते. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने नऊ खाजगी संस्थांमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय काढला होता. राज्यभर ओरड झाल्यावर ऑक्टोबरमध्ये तो मागे घ्यावा लागला. निर्णय मागे गेला, वृत्ती गेली नाही. कायम नोकरी नाही तिथे आरक्षण नाही, आणि खाजगी क्षेत्रात तर ते कधी नव्हतेच. पदवी घेतलेला मुलगा शेवटी पाठीवर बॅग घेतो तो हौसेने नव्हे.

तोडगा याच शहरात आहे

काही विद्वान म्हणतात, कामगार विखुरलेला, मालक रोज बदलणारा, कामाची जागा रस्ता, अशा माणसाला कायदा संरक्षण देणार तरी कसे? या विद्वानांनी वाशीच्या बाजार समितीत जाऊन उभे राहावे. माथाडी कामगाराचा मालक तरी कुठे एक होता? आज या गाळ्यावर, उद्या त्या गाळ्यावर. तरीही अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा झाला आणि १९६९ मध्ये महाराष्ट्राने माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा केला. कामगाराची नोंदणी मंडळाकडे, व्यापाऱ्याचीही नोंदणी मंडळाकडे. मजुरी मंडळात जमा करायची, वर ठरावीक टक्के लेव्ही भरायची. त्या लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजा, बोनस, औषधपाणी. मंडळावर सरकार, मालक आणि कामगार असे तिघांचे प्रतिनिधी. मुंबईतले घाऊक बाजार वाशीला आले तसा हा कायदाही इथे आला आणि कोपरखैरणे-घणसोलीत माथाडींची घरे उभी राहिली. अण्णासाहेबांच्या इतर राजकारणाशी आपले मतभेद असू शकतात. पण पाठीवर पोते वाहणाऱ्याला कायद्याने कामगार ठरवून घेतले, हे त्यांचे काम कोणी नाकारू शकत नाही.

मग साधा प्रश्न असा की, पाठीवर पोते असले तर तो कामगार आणि पाठीवर पार्सलची बॅग असली तर तो 'पार्टनर', हे कसे? आज तर काम जास्त सोपे आहे. माथाडीच्या पोत्याची नोंद कागदावर ठेवावी लागे. इथे प्रत्येक पार्सल, प्रत्येक मिनिट, प्रत्येक रुपया संगणकात नोंदलेला आहे. लेव्ही कापायला एक बटण पुरे!

इतर राज्यांना हे सुचले. राजस्थानने २०२३ मध्ये अशा कामगारांच्या नोंदणीचा आणि कल्याण मंडळाचा देशातला पहिला कायदा केला. कर्नाटकाने २०२५ मध्ये कायदा केला आणि त्यात कामावरून काढण्यापूर्वी कारण देऊन चौदा दिवसांची नोटीस देण्याचे बंधन घातले. म्हणजे रात्रीत आयडी बंद करून मुलाला देशोधडीला लावण्याच्या प्रकाराला तिथे कायद्याने हरकत घेतली. साऱ्या देशाला माथाडी मंडळाची वाट दाखवणारा महाराष्ट्र या यादीत पहिला असायला हवा होता. फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव घेऊन शपथा घेणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

केंद्राचे काय? २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात 'गिग' आणि 'प्लॅटफॉर्म' कामगार हे शब्द प्रथमच आले, हे मान्य. कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के आणि कामगारांना दिलेल्या रकमेच्या पाच टक्क्यांच्या मर्यादेत निधी द्यावा, अशी तरतूद आहे. अपघात विमा, आरोग्य, वृद्धापकाळ यासाठी योजना करता येतील असेही म्हटले आहे. पण किमान वेतन आणि कामाचे तास यांची हमी त्यात या कामगाराला नाही. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालाने अशा कामगारांची संख्या २०२०-२१ मध्ये ७७ लाख धरली आणि २०२९-३० पर्यंत ती २ कोटी ३५ लाख होईल असा अंदाज दिला. सव्वादोन कोटींहून अधिक माणसे आणि त्यांच्यासाठी आठ तासांचा दिवस नाही! बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना कारखान्यातला आठवडा ४८ तासांवर आणण्याची पावले पडली. त्यांच्या जयंतीला सुट्टी मिळते, त्यांनी मिळवून दिलेले तास मात्र काढून घेतले जातात.

न्यायालयाच्या दारातही मार्ग बंद नाही. १९७८ मध्ये हुसेनभाई खटल्यात न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांच्या पीठाने ठेकेदाराचा पडदा बाजूला सारून खरा मालक शोधायला सांगितले. कामगाराच्या पोटावर ज्याचे नियंत्रण, तो मालक. २०२१ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने उबरच्या चालकांना कामगार ठरवले. करारात काय लिहिले यापेक्षा प्रत्यक्षात हुकूम कोणाचा चालतो हे पाहिले. आपल्याकडे ॲपवरच्या कामगारांच्या संघटनेने २०२१ मध्येच सामाजिक सुरक्षेसाठी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. कायद्याची बीजे आहेत. पेरणारे हात हवेत.

नवख्याने काय करावे?

मोठा लढा चालू राहील, पण उद्या सकाळी गाडीवर बसणाऱ्याने आजच काही गोष्टी कराव्यात. वकील म्हणून रोज जे पाहतो त्यावरून सांगतो.

काम लावून देण्यासाठी अनामत किंवा 'किट'चे पैसे मागणाऱ्या दलालाला एक रुपया देऊ नये. लायसन, आरसी, विमा, पीयूसी यांची मुदत तपासावी. खाजगी वापरासाठी विमा उतरवलेल्या दुचाकीवर भाड्याने माल वाहिला तर गाडीच्या नुकसानीचा दावा विमा कंपनी नाकारू शकते. तेव्हा विमा घेतानाच कामाचा उपयोग स्पष्ट सांगून लेखी घ्यावे. चालक-मालकाचा पंधरा लाखांचा वैयक्तिक अपघात विमा गाडी ज्याच्या नावावर आहे त्यालाच मिळतो. भावाची गाडी घेऊन काम करणाऱ्या मुलाला तो लागू होत नाही, हे अनेकांना मुलगा इस्पितळात गेल्यावर कळते. छोटा टेम्पो किंवा व्हॅन चालवणाऱ्यांनी एक निकाल लक्षात ठेवावा. हलक्या वाहनाचे लायसन असणारा साडेसात हजार किलोपर्यंतचे हलके मालवाहू वाहन चालवू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये मुकुंद देवांगन खटल्यात सांगितले आणि ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केले. तेव्हा 'वेगळे लायसन नव्हते' एवढ्या सबबीवर विमा कंपनी दावा फेटाळत असेल तर गप्प बसू नये.

अपघात झाला तर पोलिसांत नोंद आणि पंचनामा करून घ्यावा, इस्पितळाचे प्रत्येक कागद जपावे आणि मोटार अपघात न्यायाधिकरणाकडे सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करावा. ठेकेदार 'आपसात मिटवू' म्हणून वेळ काढतो तो याच मुदतीसाठी.

एक साधी वही ठेवावी. किती वाजता हबला पोहोचलो, किती पार्सल घेतले, किती दिले, किती परत आले, किती रोख जमा केली. रोख जमा केल्याची पावती घ्यावी किंवा पडद्याचा फोटो काढावा. दराचा, वजावटीचा, आयडी बंद केल्याचा प्रत्येक संदेश साठवावा. उद्या कामगार न्यायालयात 'हा आमचा कामगारच नव्हे' असे कंपनी म्हणेल तेव्हा ही वहीच साक्षीदार होईल. ज्यांची नोंद कधी कोणी ठेवली नाही त्या समाजाची आपण लेकरे आहोत. आता तरी आपली नोंद आपणच ठेवू या.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पहिले आठ दिवस जुन्या चालकाबरोबर फिरावे. पार्सल उलट्या क्रमाने कसे लावायचे, कोणत्या इमारतीत दुपारी दार उघडत नाही, पावसाळ्यात कुठला भुयारी मार्ग तुंबतो, हे ॲप शिकवत नाही. घाई करू नये. 'दहा मिनिटांत घरपोच' या फुशारकीविरुद्ध डिसेंबर २०२५ च्या अखेरीस देशभरातील कामगारांनी संप केला आणि जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय श्रममंत्र्यांनी कंपन्यांना ती जाहिरात सोडायला सांगितली. संघटित आवाजाने एवढे होते. मिनिटे वाचवताना गेलेला जीव मात्र कोणतीही कंपनी परत आणत नाही.

दाराशी जात

या कामाला आणखी एक बाजू आहे, ज्याबद्दल पांढरपेशी वर्तमानपत्रे बोलत नाहीत. गिऱ्हाइकाच्या मोबाईलवर चालकाचे नाव दिसते. आडनावावरून जात काढण्यात आपला देश पदवीधर आहे. जून २०२२ मध्ये लखनौमध्ये अन्न पोहोचवणाऱ्या एका दलित तरुणाने तक्रार दिली की, जात कळताच त्याच्या हातचे अन्न नाकारण्यात आले, तोंडावर थुंकले आणि मारहाण झाली. मार्च २०२४ मध्ये झोमॅटोने 'शुद्ध शाकाहारी' गिऱ्हाइकांसाठी वेगळा ताफा आणि हिरवा गणवेश जाहीर केला. टीकेची झोड उठताच दुसऱ्याच दिवशी वेगळा गणवेश मागे घ्यावा लागला. कपड्याच्या रंगावरून कोणाला दारात घ्यायचे आणि कोणाला नाही हे ठरू लागले तर ती अस्पृश्यतेची नवी आवृत्ती नव्हे तर काय?

नवी मुंबईतल्या अनेक सोसायट्यांत 'डिलिव्हरीवाल्यांनी मुख्य लिफ्ट वापरू नये' अशी पाटी दिसते. चौदाव्या मजल्यावर तीस किलोचे खोके घेऊन जाणाऱ्याने सामानाची लिफ्ट बंद असेल तर जिना चढायचा! पाणी मागितले तर रक्षक इकडेतिकडे बघतो. महाडचे चवदार तळे १९२७ मध्ये खुले केले त्या समाजाच्या मुलाला टॉवरच्या दाराशी घोटभर पाणी मिळू नये? जातीवरून शिवीगाळ झाली तर अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. चारचौघांत, साक्षीदारांसमोर घडलेला प्रसंग असेल तर लगेच नावे लिहून घ्यावीत आणि तक्रार नोंदवावी.

पण इथे आपल्याही आत डोकावले पाहिजे. त्या टॉवरमध्ये आता आपलेही अधिकारी राहतात, प्राध्यापक राहतात, वकील राहतात. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत तो लिफ्टचा ठराव आला तेव्हा आपण हात वर केला की नाही? दारात उभ्या मुलाने हळूच 'जयभीम' म्हटले तेव्हा आपण शेजाऱ्याकडे बघून दार लोटले की नाही? आरक्षणाच्या शिडीने वर गेलेल्यांनी खालच्या पायरीवरच्या पोराला पाणी विचारले नाही तर चळवळीचे गाणे कितीही मोठ्याने गायले तरी व्यर्थ आहे.

तो तुर्भे स्टोअरचा तरुण निघताना म्हणाला, "साहेब, विहारात कोणाला सांगू नका. बी.ए. होऊन पार्सल वाटतो म्हणतील." मला त्याच्या कराराने जेवढा त्रास झाला नाही तेवढा या वाक्याने झाला. ज्या विहारात घाम गाळणाऱ्याला लाज वाटते ते विहार आपण कशासाठी बांधले? १९३६ मध्ये बाबासाहेबांनी पहिला पक्ष काढला तो स्वतंत्र मजूर पक्ष. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत कामगारविरोधी विधेयकाविरुद्ध संप झाला तेव्हा ते गिरणी कामगारांच्या खांद्याला खांदा लावून उभे होते. मजूर हा शब्द त्यांना कमीपणाचा वाटला नाही. आपल्याला का वाटावा?

यास्तव माझी सूचना आहे. नवी मुंबईतल्या प्रत्येक विहारात आठवड्यातून एक संध्याकाळ या मुलांसाठी ठेवावी. वकिलांनी करार मराठीत समजावून सांगावेत. जुन्या चालकांनी नव्यांना रस्ता शिकवावा. ई-श्रम नोंदणी तिथेच करून द्यावी. ऐरोलीच्या बाबासाहेबांच्या स्मारकात या चालकांचा पहिला मेळावा भरावा आणि त्यातून एकच ठराव निघावा, माथाडी मंडळाच्या धर्तीवर महाराष्ट्रात पार्सल व डिलिव्हरी कामगारांचे मंडळ झालेच पाहिजे. त्यात नोंदणी असावी, लेव्ही असावी, किमान दर असावा, आणि नोटीस दिल्याशिवाय आयडी बंद करण्यास मनाई असावी. हा ठराव केवळ बौद्धांचा नसावा. या रस्त्यावर आगरी-कोळी मुलगा आहे, मराठा आहे, मुसलमान आहे, बिहारहून आलेला आहे. साडेबारा टक्क्यांचे भूखंड या भूमीतल्या शेतकऱ्यांना कोणी ताटात वाढून दिले नाहीत. जानेवारी १९८४ मध्ये पाच जणांनी गोळ्या झेलल्या तेव्हा सरकार हलले. हक्क कोणाच्या दारात पार्सलसारखा येत नसतो.

चाळीसगावच्या त्या नवख्या चालकाला आपण दोष देत नाही. त्याने लगाम धरला, कारण दुसरे कोणी धरायला तयार नव्हते. आज आपल्या पोराने हँडल धरले आहे. त्याला गाडीवर एकटा बसवून पुन्हा आपण बाजूला उभे राहणार आहोत का?

त्या तरुणाला मी सांगितले, रविवारी विहारात ये, बॅग घेऊन ये, आणि पहिल्या रांगेत बस.

जयभीम!